घरमालक हजर नाहीत

आमच्या महाडात पावसाळा तोंडावर आला की घरातली बाई दोन कामं न चुकता करते. एक म्हणजे लोणच्याच्या बरण्या माळ्यावर चढवते. आणि दुसरं, रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, मुलांचे दाखले असं सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उंच खुंटीला लावते. पूर आम्हाला काही नवा नाही. सावित्री, गांधारी आणि काळ अशा नद्यांच्या संगतीनं वसलेलं हे गाव. तिकडे महाबळेश्वरच्या डोंगरात पाऊस कोसळला आणि नेमकी त्याच वेळी बाणकोटच्या खाडीला भरती असली, की पाण्याला पुढे वाटच मिळत नाही. मग ते मागे फिरतं आणि थेट आमच्या बाजारपेठेत शिरतं. मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच आषाढात सासूबाईंनी शिकवून ठेवलं होतं, "पाणी उंबऱ्याला लागलं की आधी पीठमीठ उचलायचं. माणसं काय, आपल्या पायांनी वर जातात!"

पण २०२१ च्या जुलैमध्ये पीठमीठ उचलायलाही उसंत मिळाली नाही. २१ तारखेच्या रात्री पाणी चढायला लागलं ते २२ ला दिवसभर चढतच राहिलं. वीज गेली, फोन बंद पडले. आम्ही चौघं माळ्यावर बसून जिन्याच्या पायऱ्या मोजत होतो. पाचवी बुडाली, सहावी बुडाली, सातवी बुडाली... त्याच संध्याकाळी आमच्याच तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली, हे आम्हाला नंतर कळलं. ते कळल्यावर आपल्या भिजलेल्या गाद्यांबद्दल बोलायचीसुद्धा लाज वाटली. आपण जिवंत आहोत, घर उभं आहे, आणखी काय हवं, असंच सगळ्या म्हणत होतो.

आणि तरीही आज मी त्या गाद्यांबद्दलच लिहिणार आहे. कारण माणूस वाचल्यावर त्याला जगावंही लागतं. आणि पूर ओसरल्यानंतरचं जगणं हे बहुतेक वेळा बाईच्या अंगावर पडतं.

पाणी उतरलं तेव्हा घरात गुडघाभर चिखल होता. फ्रिज आडवा होऊन देवघराला टेकला होता. तांदळाची कोठी फुगून फुटली होती. शिलाई मशिनमध्ये गाळ गेला होता. कपाटाची दारं फुगल्यामुळे उघडेनात, आणि उघडली तेव्हा आतल्या साड्यांचा एक ओला, काळा गोळा बाहेर आला. चिखलाला वास असा, की आठ दिवस अन्न घशाखाली जाईना. लोकांकडून मदत मात्र भरभरून आली. कुठून कुठून माणसं आली, पाण्याच्या बाटल्या आणल्या, बिस्किटं आणली, झाडू आणले. अनोळखी मुलांनी आमच्या घरातला गाळ घमेल्यांनी उपसला. ते ऋण फिटणारं नाही.

सरकारी पंचनामा झाला तो त्यानंतर. दोघं कर्मचारी आले. बिचारे स्वतःच थकलेले होते. मी दारातच उभी होते. साडीचा ओचा खोचलेला, कोपरापर्यंत चिखल. त्यांनी विचारलं, "घरमालक आहेत का?" आमचे हे पिण्याच्या पाण्यासाठी टँकरच्या रांगेत गेले होते. मी म्हटलं, "ते बाहेर गेलेत, पण मी आहे ना. काय विचारायचं ते विचारा." त्यांनी घरावर कुणाचं नाव लागतं ते विचारलं. मी आठवून सांगितलं. कागदावर काहीतरी लिहून ते पुढच्या घरी गेले.

काय लिहिलं ते दोन महिन्यांनी कळलं, आम्ही मदत का आली नाही ते विचारायला कचेरीत गेलो तेव्हा. आमच्या नावापुढे शेरा होता, ‘घरमालक हजर नाहीत.’

मैत्रिणींनो, त्या घराचे कागदोपत्री मालक म्हणजे माझे आजेसासरे. त्यांना जाऊन तेव्हा तेहेतीस वर्षं झाली होती! मी त्यांना पाहिलं ते फक्त ओटीवरच्या फोटोत, आणि तो फोटोही पुरात गेला. ते हजर राहणार तरी कसे? आणि जी सव्वीस वर्षं त्या घरात राबत होती, पूर आला तेव्हा घरात होती आणि पंचनाम्यालाही दारात उभी होती, ती मात्र कागदाच्या दृष्टीनं तिथे नव्हतीच.

त्या दिवशी मला राग आला तो त्या कर्मचाऱ्यांचा नाही. त्यांच्यापैकी कित्येकांची स्वतःची घरं बुडाली होती, आणि तरी ते दिवसाला शेकडो उंबरे झिजवत होते. राग आला तो सरकार घर म्हणजे काय समजतं याचा. आणि थोडा आपल्या स्वतःचासुद्धा.

आता मदतीचे नियमच बघू या. ३ ऑगस्ट २०२१ ला राज्य सरकारनं पूरग्रस्तांसाठी साडेअकरा हजार कोटींची घोषणा केली. आकडा ऐकून आम्हाला हायसं वाटलं. त्यात घरांसाठीचे दर असे होते. घर पूर्ण पडलं तर दीड लाख रुपये. निम्मी पडझड असेल तर पन्नास हजार, पाव असेल तर पंचवीस हजार आणि कमीत कमी पंधरा टक्के पडझड असेल तर पंधरा हजार. शिवाय कपड्यांसाठी पाच आणि भांड्याकुंड्यांसाठी पाच असे दर कुटुंबाला दहा हजार. हे दर केंद्राच्या नेहमीच्या निकषांपेक्षा जास्त होते. आणि घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असण्याची जी अट असते तीही त्या वेळी शिथिल केली होती. याच अटीवरून २०१९ साली कोल्हापूर-सांगलीच्या पुरात केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? घर दोन दिवस बुडलेलं असेल तरच दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ फुकट! जणू पाणी घड्याळ लावून येतं आणि दीड दिवस भिजलेलं पीठ खाण्याजोगं राहतं.

ती अट सुटली हे चांगलंच झालं. पण एक शब्द तसाच राहिला. ‘पडझड’.

या शब्दाचा नीट विचार करा. वारा आला की छप्पर उडतं, भिंत पडते. ते दिसतं, त्याचे टक्के काढता येतात. पण पुरात घर पडतं कुठे? ते बुडतं. आमचं दगडी जोत्याचं, जाड भिंतींचं घर सात पायऱ्या पाण्यात उभं राहिलं आणि पाणी गेल्यावरही उभंच होतं. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसणार? भिंती आहेत, कौलं आहेत, दारं आहेत. पडझड पंधरा टक्क्यांहून कमी. संपलं! आतलं सगळं वायरिंग गेलेलं, फरशी खालून पोकळ झालेली, दारं लागत नाहीत, लागली तर उघडत नाहीत, भिंतीला हात लावला तर पोपडे हातात येतात, हे कुठल्या रकान्यात बसवायचं? आम्हाला घराच्या नुकसानीचा एक पैसा मिळाला नाही. नुसता चिखल काढायला आणि भिंती खरवडायला जे मजूर लावले त्यांचेच साडेसात हजार झाले होते.

म्हणजे नियमाला घर कळतं ते बाहेरून. चार भिंती आणि एक छप्पर. घर आतून चालवणारी जी असते तिचं घर म्हणजे तेलाचा डबा, वर्षाचे तांदूळ, मिक्सर, मुलांच्या वह्या, बाळंतविड्यातल्या दुपट्यांपासून लग्नातल्या शालूपर्यंत जपलेलं सगळं. त्या घराची किंमत दहा हजार.

आणि ते दहा हजार तरी सुखानं मिळाले का? तिथे दुसरी भानगड उभी राहिली. नावाची. आजेसासऱ्यांच्या नावावरचं घर, त्यांना तीन मुलगे. एक माझे सासरे, तेही गेलेले. बाकी दोघांची मुलं मुंबईत. कोकणातल्या कुठल्याही घराची हीच कथा! घर गावाकडे, नावं मुंबईकडे आणि वारसनोंद कुणाच्याच लक्षात नाही. कचेरीत सांगितलं, सगळ्या वारसांचं संमतिपत्र आणा, मयताचे दाखले आणा, स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करा. आणि सगळ्याच्या तीन तीन झेरॉक्स. आता गंमत बघा, बाजारपेठेतली झेरॉक्सची मशिनंसुद्धा पुरात बुडालेली! झेरॉक्स काढायला आम्ही एसटीनं पोलादपूरला गेलो. मदतीचे पैसे यायच्या आधी मदतीसाठीचे खर्च सुरू झाले.

मुंबईच्या चुलत दिरांना फोन केला. माणूस वाईट नाही, गणपतीत आला की सगळ्यांसाठी काही ना काही आणतो. पण सहीचं नाव काढल्यावर थोडा वेळ फोनवर कुणीच बोललं नाही. मग म्हणाले, "वहिनी, सही करतो. पण उद्या घर विकायचं झालं तर ही सही म्हणजे मी हक्क सोडला असं समजू नका हं." दहा हजारांच्या मदतीसाठी सव्वीस वर्षांचं नातं त्या दिवशी तराजूत बसलं. सही झाली, पैसेही आले, तोवर दिवाळी होऊन गेली होती. पण त्या फोननंतर आमच्यात काहीतरी बदललं ते बदललंच. पुरानं नेलेल्या वस्तूंच्या यादीत हे कुणी लिहिणार नाही.

हे सगळं चालू असताना सासूबाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. त्या एकदम म्हणाल्या, "म्हणजे माझंबी नाव नाय कुठं?" वयाच्या सतराव्या वर्षी त्या या घरात आल्या होत्या. मला काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही.

आता दुसऱ्या घराची गोष्ट सांगते. ते माझं माहेर. श्रीवर्धनच्या बाजूला, समुद्रापासून दोन हाकांच्या अंतरावर. आमच्या पुराच्या चौदा महिने आधी, ३ जून २०२० ला, निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरच्या जवळच किनाऱ्याला धडकलं. आईच्या घराची कौलं पत्त्यांसारखी उडाली. वाडीतल्या सुपाऱ्या आणि नारळ आडवे झाले. कित्येक आठवडे वीज नव्हती. त्यात करोनाचे दिवस, मी इथून तिकडे जाऊसुद्धा शकत नव्हते.

त्या वेळीही मदतीचे हाल झालेच. बागांना आधी हेक्टरी पन्नास हजार जाहीर झाले. पण आमच्याकडच्या वाड्या गुंठ्यांत मोजतात, हेक्टरात नाही! पाच गुंठ्यांच्या वाडीवाल्याच्या हातात अडीच हजार येणार. आरडाओरडा झाल्यावर मग झाडामागे हिशेब ठरला. सुपारीच्या झाडाला पन्नास रुपये आणि नारळाच्या झाडाला अडीचशे. ज्या झाडाला पाणी घालून, वाढवून त्याचं उत्पन्न घेईपर्यंत बाईच्या आयुष्यातली वर्षं जातात त्याचे पन्नास रुपये! आणि घरासाठी जी रक्कम आली तीत निम्म्या घरावरही पत्रे चढले नसते, कारण वादळानंतर पत्र्यांचे भाव आभाळाला भिडले होते.

पण एक फरक होता, आणि तो फरक मला महाडच्या पुरात कळला. आईला जे काही मिळालं ते तिच्या स्वतःच्या खात्यात, दीड महिन्याच्या आत आणि कुणाच्याही सहीशिवाय मिळालं. पंचनाम्याला आले तेव्हा तिनंच त्यांना घर फिरवून दाखवलं, तिनंच अंगठ्याऐवजी ठसठशीत सही केली. कारण काय, तर बाबांनी जाण्यापूर्वी घर दोघांच्या नावावर केलं होतं. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. २००३ साली ग्रामविकास खात्याचं एक परिपत्रक निघालं होतं, की गावातलं राहतं घर पती-पत्नी दोघांच्या नावे ग्रामपंचायतीच्या दप्तरात लावावं. गावात सगळे हसले होते. "मास्तर, बायकोला घाबरता काय?" बाबा म्हणाले होते, "घाबरत नाही. पण माझ्यानंतर तिला कुणाला घाबरायला लागू नये."

त्या वेळी आम्हालाही ते थोडं अतिच वाटलं होतं. एकच जिल्हा, एकच सरकार, चौदा महिन्यांचं अंतर. एका घरातली बाई मालक म्हणून सही करते, आणि दुसऱ्या घरात बाई दारात उभी असून ‘हजर नाहीत’. फरक फक्त उताऱ्यावरच्या एका नावाचा.

आणखी एका घराबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या शेजारच्या काकू भाड्यानं राहतात. यजमान लवकर गेले. घरातच मसाला कांडपाचं मशिन टाकून त्यांनी दोन मुलींची शिक्षणं केली. पुरात मशिनची मोटर गेली, दीडशे किलो मिरची गेली, गिऱ्हाइकांचे धणे-खोबरं गेलं, त्याची भरपाई पदरची. सरकारनं दुकानदारांना नुकसानीच्या पाऊण हिश्श्यापर्यंत, जास्तीत जास्त पन्नास हजार आणि टपरीवाल्यांना जास्तीत जास्त दहा हजार द्यायचं ठरवलं होतं. काकूंनी अर्ज केला. उत्तर आलं, दुकानाचा परवाना दाखवा. परवाना कुठला? दुकान म्हणजे त्यांची पडवी! मग ते दुकान नाही. बरं, घराची पडझड? घर भाड्याचं. बरं, टपरी? टपरीही नाही. तीन रकान्यांच्या मधल्या फटीतून काकूंची वीस वर्षांची मेहनत वाहून गेली.

आपल्या लहान गावांतून किती बायका अशा आहेत, जरा मनात मोजा. शिवणकाम करणारी, पापड-कुरडया करणारी, शिकवण्या घेणारी, डबे देणारी, ब्लाऊजला हुक-बटण लावणारी. त्यांचं दुकान घरात असतं आणि घर दुसऱ्याच्या नावावर असतं. पूर आला की त्यांचं दोन्ही बुडतं आणि पंचनाम्यात दोन्ही निरंक.

कुणी म्हणेल, सरकार तरी काय करणार? कागद नको म्हटलं तर खोटे पूरग्रस्त उभे राहतील. खरं आहे. आमच्याच गावात पाणी न शिरलेल्या घरांतून अर्ज गेल्याचं आम्ही ऐकलं. पैसा आपल्या सगळ्यांच्या करातला आहे, तो तपासूनच द्यायला हवा. माझं म्हणणं कागद नको असं नाहीच. कागद हवा, पण योग्य तो हवा.

आणि असा कागद सरकारजवळ आहे! २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं त्या योजनेतल्या रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या, अठरा वर्षांवरच्या बाईचं नाव धरलं आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतलं घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे देण्याचं धोरण आहे. २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत कोट्यवधी बायकांच्या आधार जोडलेल्या खात्यात सरकार पैसे पाठवू शकलं. म्हणजे धान्य द्यायचं तेव्हा बाई कुटुंबप्रमुख, पंधराशे रुपये द्यायचे तेव्हा तिचं खातं सापडतं, आणि घर बुडाल्यावर मात्र ‘घरमालक कुठे आहेत?’ कपडे आणि भांडी यांचे पैसे द्यायला घराच्या मालकीचा उतारा कशाला हवा? बुडालेली भांडी आजेसासऱ्यांची नव्हती. ती मी महिन्याच्या खर्चातून पै पै वाचवून घेतली होती.

म्हणून माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. कपड्या-भांड्यांची मदत त्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला, रेशनकार्ड बघून, बाईच्या खात्यात द्या. भाडेकरू असली तरी द्या. पुरातल्या घराला ‘पडझड’ नको, पाणी किती चढलं आणि किती वेळ राहिलं त्यावर मोजा. भिंतीवरची रेघ खोटं बोलत नाही. घरातून चालणाऱ्या कामाचा पंचनाम्यात वेगळा रकाना ठेवा. पंचनाम्याची प्रत तिथल्या तिथे घरातल्या माणसाच्या हातात द्या. आणि अर्ज नाकारलात तर का नाकारलात ते लेखी सांगा, म्हणजे गरिबाचे हेलपाटे तरी वाचतील.

पण सरकारला सांगताना चार बोटं आपल्याकडेही वळतात. आमच्या घराची वारसनोंद तेहेतीस वर्षं झाली नव्हती, हा काही सरकारचा दोष नाही. आम्ही दर वर्षी बरण्या माळ्यावर चढवल्या, पण घरपट्टीच्या पावतीवर कुणाचं नाव आहे ते वाचलं नाही. ‘कागदपत्रं पुरुषांनी बघायची’ असं म्हणून आपण बाजूला होतो. मला विचाराल तर त्यात थोडा आळस असतो आणि थोडी भीतीही असते. नावाचा विषय काढला की ‘हिला वाटणी हवी’ असं घरातच कुणीतरी म्हणेल, ही ती भीती.

ती भीती बाजूला ठेवून काही गोष्टी करून ठेवा. गावात असाल तर ग्रामपंचायतीतून, शहरात असाल तर नगरपरिषदेतून आपल्या घराचा असेसमेंटचा उतारा काढा आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. मयत माणसाचं नाव असेल तर वारसनोंदीचा अर्ज आजच द्या, पूर आल्यावर नाही. त्यात नणंदांचीही नावं लागतात, ती लागू द्या. त्यांचाही तो हक्क आहे. यजमानांच्या हिश्श्याचं घर दोघांच्या नावे करायचं असेल तर नवऱ्यानं बायकोला राहतं घर बक्षीसपत्रानं देण्यावर मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे, तिची चौकशी करा. घरातून धंदा करत असाल तर कसला तरी नोंदणीचा कागद जवळ असू द्या. आणि देव न करो, पण पाणी आलंच, तर घर झाडायला घेण्याआधी मोबाइलवर प्रत्येक खोलीचे फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असे. आपल्याला सवयच अशी, की पाहुणे येण्याआधी घर आवरायचं! मी पंचनाम्याच्या आदल्या दिवशी अर्धं घर धुऊन काढलं होतं. जी बाई जास्त राबते तिचं नुकसान कमी दिसतं.

पंचनाम्याला जे कोणी येतील त्यांना चहा-पाणी जरूर विचारा. २०२४ पासून तलाठ्यांचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, आपल्या तोंडी ते भाऊसाहेबच राहणार. पण सही करण्याआधी कागद वाचून दाखवा म्हणा. नंतर अडलं तर माहितीच्या अधिकारात पंचनाम्याची प्रत मागता येते. मी मागितली. त्याशिवाय मला तो शेरा शब्दशः कधीच वाचायला मिळाला नसता.

हे सगळं पुन्हा होणार नाही असं म्हणायला जागा नाही. १९८९ च्या जुलैमध्ये अंबा नदीनं जांभुळपाडा आणि नागोठणं धुऊन नेलं. २६ जुलै २००५ च्या पावसात आमच्या दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी आल्या, आणि दासगावची कित्येक कुटुंबं त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. २०२० ला वादळ, २०२१ ला पूर. २०२५ च्या सप्टेंबरात तर ज्या मराठवाड्याला आपण दुष्काळी म्हणतो तिथली घरं पाण्याखाली गेली. टीव्हीवर एक बाई चुलीवरचा चिखल हातानं बाजूला करताना दिसली आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की हिच्या घरावर कुणाचं नाव असेल?

आमच्या घराची वारसनोंद शेवटी झाली. दीड वर्ष लागलं. मुंबईच्या दिरांनी कुरकुर केली, मग तेच म्हणाले, "बरं झालं वहिनी, आमच्या पोरांना हे कधीच उमगलं नसतं." आमच्या नात्यातला तो ओशाळेपणा थोडा निवळलाय, पूर्ण नाही. उताऱ्यावर आता नऊ नावं आहेत. त्यात सासूबाईंचं नाव आहे. मी उतारा त्यांना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा मागितला आणि आपल्या नावावर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिल्या. माझं नाव अजून लागायचं आहे. आमचे हे म्हणतात, पावसाळ्याआधी करून टाकू. मी कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवली आहे.

यंदाही बरण्या माळ्यावर चढवल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत या वेळी एक कागद जास्त आहे.